सिल्व्हर स्प्रिंगची सतरा माकडं

फार्मसीच्या मुलांना प्राणिप्रयोगांचे नियम शिकवायचे म्हटलं, की पहिल्या दिवशी मी कायद्याच्या कलमांना हात लावत नाही. आधी एक खोली त्यांच्यासमोर उभी करतो. जेमतेम दीड फूट रुंदीचे तारेचे पिंजरे. तारांत अडकून वाळलेली विष्ठा. माकडांच्या हातांवर मळून काळ्या पडलेल्या पट्ट्या, काहींना पट्टीच नाही, जखम उघडी. कित्येकांची बोटं अर्धीच उरलेली, कारण ती त्यांनी स्वतःच चावून तोडली आहेत. मग फळ्यावर एकच प्रश्न लिहितो: यातलं किती प्रयोगामुळे झालं आणि किती प्रयोगशाळेमुळे?

पहिली पाच मिनिटं वर्गात नुसता संताप असतो. मग मागच्या बाकावरून कुणीतरी विचारतं, "पण सर, प्रयोग काय होता?" प्रकरण तिथून सुरू होतं.

अमेरिकेत मेरीलँड राज्यात, वॉशिंग्टनला लागून सिल्व्हर स्प्रिंग नावाचं गाव आहे. तिथल्या इन्स्टिट्यूट फॉर बिहेवियरल रिसर्च या खासगी संस्थेत एडवर्ड टॉब हे मानसशास्त्रज्ञ माकडांवर काम करत होते. पैसा सरकारी होता, राष्ट्रीय आरोग्य संस्थेचा म्हणजे एनआयएचचा. माकडं सतरा: सोळा लांब शेपटीची मकाक जातीची आणि एक ऱ्हीसस मादी, सेरा. (ऱ्हीसस म्हणजे आपल्या उत्तर भारतातलं लाल तोंडाचं माकड. पन्नाशीच्या दशकात पोलिओच्या लशीसाठी ती भारतातून लाखांनी अमेरिकेला गेली. अमेरिकी सैन्याच्या प्रयोगशाळेत त्यांच्यावर किरणोत्साराचे प्रयोग होतात हे उघड झाल्यावर मोरारजी देसाईंच्या सरकारने १ एप्रिल १९७८ पासून निर्यात बंद केली. ते उघडकीला आणणारी इंटरनॅशनल प्रायमेट प्रोटेक्शन लीग पुढे या प्रकरणातही फिर्यादी म्हणून भेटेल.)

टॉब यांचा प्रश्न जुना होता. मज्जारज्जूत मागच्या बाजूने शिरणारी चेतामुळं, म्हणजे जाणीव वाहून नेणाऱ्या नसांची मुळं, कापली, की हाताची जाणीव जाते, पण स्नायू आणि त्यांना हुकूम देणाऱ्या नसा शाबूत राहतात. तरीही माकड तो हात वापरत नाही. १८९५ साली मॉट आणि शेरिंग्टन यांनी हे दाखवलं होतं, आणि जाणीव गेली की हालचालही जाते असं त्यावरून पक्कं धरलं गेलं होतं. टॉब यांना ते पटत नव्हतं. त्यांचं म्हणणं असं, की शस्त्रक्रियेनंतरच्या सुरुवातीच्या दिवसांत हात खरोखरच निकामी असतो, माकड दोन-चारदा प्रयत्न करून सोडून देतं, आणि नंतर ताकद परत आली तरी 'न वापरायची' सवय जडलेली असते. ती सवय मोडायची तर चांगला हात बांधून ठेवायचा. मग भुकेने किंवा विजेच्या झटक्याच्या धाकाने जनावर निकामी हात हलवायला लागतं.

वाचायला कठोर आहे. पण मूर्खपणाचं अजिबात नाही, आणि हे मी मुद्दाम सुरुवातीलाच सांगतो. प्रयोग फालतू असता तर हे प्रकरण सोपं झालं असतं.

मे १९८१ मध्ये अ‍ॅलेक्स पाचेको नावाचा तरुण विद्यार्थी तिथे बिनपगारी मदतनीस म्हणून रुजू झाला. त्याच्या आदल्या वर्षी त्याने इंग्रिड न्यूकर्क यांच्यासोबत 'पेटा' ही प्राणिहक्कांची संघटना काढली होती. संघटना तेव्हा मूठभर माणसांची. न्यूकर्क यांचं बालपण दिल्लीत गेलं, हे जाता जाता. पाचेकोने संघटनेबद्दल टॉबना काही सांगितलं नाही. काही आठवडे काम करून त्याने रात्री फोटो काढायला सुरुवात केली, आणि मग प्राण्यांचे डॉक्टर आणि माकडांचे अभ्यासक यांना गुपचूप आत नेऊन खोली दाखवली. त्यांच्या प्रतिज्ञापत्रांवरून ११ सप्टेंबर १९८१ रोजी पोलिसांनी वॉरंट घेऊन सतराही माकडं ताब्यात घेतली. संशोधन करणाऱ्या प्रयोगशाळेवर प्राण्यांच्या छळाच्या कायद्याखाली पोलिसांची धाड पडण्याची अमेरिकेतली ही पहिलीच वेळ मानली जाते.

टॉब यांची बाजूही ऐकायला हवी. ऑगस्टच्या अखेरीस ते सुट्टीवर होते. त्या दिवसांत पिंजरे साफ करणारी माणसं कामावर आलीच नाहीत, आणि नेमकी तीच घाण दाखवायला पाचेकोने पाहुणे आणले. आपल्याला जाळ्यात अडकवलं, काही फोटो तर मुद्दाम मांडून काढलेले आहेत, असं ते शेवटपर्यंत म्हणत राहिले. जखमांबद्दलचं त्यांचं उत्तर मात्र जास्त विचार करण्याजोगं आहे. बधिर हात माकडाला स्वतःचा वाटत नाही, ते त्याला कुरतडतं; पट्टी बांधली तर अजून चिडून कुरतडतं; आणि अशा जनावरांचा माझ्याइतका अनुभव कुठल्या प्राण्यांच्या डॉक्टरला आहे?

या शेवटच्या वाक्याजवळ मी वर्गात बराच वेळ थांबतो. हात बधिर केल्यावर जनावर तो चावणार, हे करणाऱ्याला आधीपासून ठाऊक होतं. म्हणजे जखम हा अपघात नव्हता, प्रयोगाचा हिशेबात धरलेला परिणाम होता. मग त्या जखमेची देखभाल हीसुद्धा प्रयोगाचाच भाग ठरते. आराखड्यात शस्त्रक्रियेला जितकी जागा, तितकीच तिला हवी. तज्ज्ञ मीच, म्हणून दुसऱ्या कुणी बघायची गरज नाही, हा युक्तिवाद मी आमच्याकडच्या प्राणिगृहांतही ऐकला आहे, फक्त मराठीत.

आणि बघणारे तिथे नव्हते असंही नाही. अमेरिकेचा या विषयावरचा कायदा १९६६ चा. त्याची जन्मकथाही ऐकण्यासारखी आहे: १९६५ मध्ये पेपर नावाची डाल्मेशियन कुत्री चोरीला गेली, विकली गेली आणि न्यूयॉर्कच्या एका इस्पितळात प्रयोगात मेली. त्यानंतर 'लाइफ' मासिकाने कुत्री विकणाऱ्या दलालांच्या आवारांचे फोटो छापले, आणि वर्षभरात कायदा झाला. म्हणजे त्याचा मूळ जीव पाळीव कुत्रं चोरीला जाण्याच्या भीतीत होता. पुढे १९७० मध्ये त्याचा पसारा वाढवून त्याला अ‍ॅनिमल वेल्फेअर अ‍ॅक्ट हे नाव मिळालं. अंमलबजावणी कृषी खात्याकडे. त्या खात्याचे निरीक्षक सिल्व्हर स्प्रिंगलाही येत, आणि त्यांच्या अहवालांत गंभीर असं काही नोंदलेलं नव्हतं. त्याच खोलीबद्दल, त्याच काळात! एनआयएचची तऱ्हा आणखी वेगळी: ज्याला पैसा दिला त्या संस्थेने 'आम्ही नियम पाळतो' असं लेखी द्यायचं, आणि ते कागद फायलीला लागायचे. धाडीनंतर मात्र एनआयएचने स्वतः चौकशी केली, देखभालीत त्रुटी काढल्या आणि अनुदान थांबवलं.

खटला राज्याच्या कायद्याखाली चालला. नोव्हेंबर १९८१ मध्ये खालच्या कोर्टाने सहा माकडांच्या बाबतीत टॉबना दोषी धरलं. आरोप कोणता? पुरेशी वैद्यकीय देखभाल दिली नाही, एवढाच. चेता कापणं, हात बांधणं, झटका देणं यातलं काहीही गुन्हा ठरलं नाही. गुन्हा ठरली न बांधलेली पट्टी आणि न बोलावलेला डॉक्टर. अपिलात, १९८२ मध्ये ज्युरीसमोर, सहाचं एक झालं. ते माकड म्हणजे नीरो. त्याच्या हाताचा संसर्ग हाडापर्यंत गेला होता आणि नंतर हात कापावा लागला होता. १९८३ मध्ये मेरीलँडच्या सर्वोच्च अपील कोर्टाने तेही रद्द केलं.

रद्द करण्याचं कारण महत्त्वाचं आहे. टॉब निर्दोष आहेत असं कोर्ट म्हणालं नाही. ते म्हणालं, की अनावश्यक वेदना देऊ नयेत असं सांगणारा हा राज्याचा कायदा सरकारी अनुदानावर चाललेल्या, केंद्राच्या नियमांखाली असलेल्या संशोधनासाठी केलेलाच नव्हता. बैलगाडी हाकणाऱ्याला जो कायदा लागू, तो प्रयोगशाळेच्या दाराशी थांबतो. आणि दाराच्या आत ज्या केंद्रीय कायद्याने बघायचं, त्याने बघून 'ठीक आहे' असं आधीच लिहिलेलं! (मेरीलँडने पुढे आपला कायदा सुधारला, वैज्ञानिक कामासाठी वापरलेल्या प्राण्यांनाही क्रूरतेपासून संरक्षण आहे, असं आता तिथे स्पष्ट शब्दांत लिहिलेलं आहे.)

मधल्या काळात माकडांचं काय झालं हा एक स्वतंत्र गोंधळ आहे. आधी ती एका समर्थकाच्या घराच्या तळघरात ठेवली. कोर्टाने परत द्यायला सांगितल्यावर ती रातोरात गायब झाली आणि काही दिवसांनी तितक्याच गुपचूप परत आली. मग पुन्हा त्याच प्रयोगशाळेत, तिथून एनआयएचच्या केंद्रात, १९८६ मध्ये लुइझियानातल्या तुलेन विद्यापीठाच्या माकड केंद्रात. त्यांना अभयारण्यात पाठवा म्हणून प्राणिमित्र संघटना कोर्टात गेल्या. त्यांत ती प्रायमेट लीग होतीच. १९८६ मध्ये केंद्रीय अपील कोर्टाने त्यांना बाहेर काढलं: तुमचं स्वतःचं काही नुकसान झालेलं नाही, दाद मागण्याचा अधिकार तुम्हाला नाही. माकडांच्या वतीने बोलायचं तर कुणी, याचं उत्तर कायद्याकडे नव्हतं. १९९१ मध्ये एका तांत्रिक मुद्द्यावर हेच भांडण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि संघटना तिथे जिंकल्याही. तोवर ज्यांच्यासाठी भांडण होतं त्यांतली बरीचशी जिवंत नव्हती.

संसदेतली हालचाल मात्र धाडीनंतर महिन्याभरातच सुरू झाली होती. ऑक्टोबर १९८१ मध्ये सुनावण्या झाल्या, पाचेकोने साक्ष दिली. तरी कायदा व्हायला चार वर्षं लागली, आणि त्याला १९८४ च्या दुसऱ्या एका प्रकरणाचा रेटा मिळाला: पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात बबून माकडांच्या डोक्याला इजा करण्याच्या प्रयोगांच्या संशोधकांनीच केलेल्या चित्रफिती चोरीला जाऊन जगासमोर आल्या. २३ डिसेंबर १९८५ रोजी राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी शेतीविषयक एका भल्यामोठ्या विधेयकावर सही केली. त्याच्या पोटात प्रयोगशाळेतल्या प्राण्यांसाठीची सुधारणा होती.

तिने काय केलं? कुत्र्यांना व्यायाम, माकडांच्या मानसिक स्वास्थ्याची सोय, वेदना होणार असतील तर पर्यायांचा शोध, एकाच जनावरावर पुन्हा पुन्हा मोठ्या शस्त्रक्रियांना आळा. हे सगळं आहेच. पण माझ्या मते खरा बदल एका खुर्चीत आहे. प्रत्येक संस्थेने किमान तीन जणांची समिती नेमायची, त्यात एक प्राण्यांचा डॉक्टर हवा, आणि एक माणूस असा हवा ज्याचा संस्थेशी काही संबंध नाही. त्याने बसायचं ते समाजाच्या वतीने. समितीने वर्षातून किमान दोनदा सगळं आवार फिरून बघायचं, आणि एखाद्या सदस्याचं मत वेगळं असेल तर तेही अहवालात जायला हवं. प्रयोग कसा करायचा यात सरकारने ढवळाढवळ करायची नाही, हेही त्याच कायद्यात लिहिलेलं आहे. बाहेरच्या पोलिसाला आत येऊ द्यायचं नाही, आतल्यांवर सोडूनही भागत नाही. म्हणून आतल्यांच्या टेबलाशी एक बाहेरची खुर्ची. ही तडजोड आहे, आणि तडजोडीसारखीच लंगडी आहे: त्या खुर्चीत कुणाला बसवायचं ते संस्थाच ठरवते.

शिवाय हा कायदा प्रयोगशाळांतल्या बहुसंख्य प्राण्यांना लागूच नाही. संशोधनासाठी पैदास केलेले लहान-मोठे उंदीर आणि पक्षी त्यातून वगळलेले आहेत. आधी खात्याच्या नियमांनी वगळले होते, २००२ मध्ये कायद्यानेच वगळले.

इथे मुलं हमखास विचारतात, आपल्याकडे काय?

आपला प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा १९६० चा, म्हणजे पेपरच्या चोरीच्याही आधीचा. त्यात 'प्राणी' म्हणजे माणूस सोडून कोणताही जिवंत जीव, म्हणून उंदीरही आला. या बाबतीत आपण अमेरिकेच्या पुढे आहोत आणि हे अभिमानाने सांगायला हरकत नाही. पण त्याच कायद्याचं चौदावं कलम सांगतं, की जीव वाचवण्यासाठी, वेदना कमी करण्यासाठी किंवा रोगांशी लढण्यासाठी केलेले प्रयोग या कायद्याने बेकायदा ठरणार नाहीत. मेरीलँडच्या कोर्टाने जे १९८३ मध्ये शोधून काढलं, ते आपण १९६० मध्येच लिहून मोकळे झालो होतो. त्याबदल्यात पंधराव्या कलमाने केंद्र सरकारला समिती नेमण्याचा अधिकार दिला. तीच पुढे सीपीसीएसईए म्हणून ओळखली गेली, अलीकडे सीसीएसईए. तिला दात फुटले ते मनेका गांधींच्या काळात, १९९८ च्या नियमांनंतर. दंडाचं म्हणाल तर विसाव्या कलमात आजही जास्तीत जास्त दोनशे रुपये आहे. वर्गात हसू येतं. मी सांगतो, हसू नका, दंडाकडे बघूच नका. एकोणिसावं कलम बघा. त्याखाली समिती संस्थेचे प्रयोगच बंद पाडू शकते, आणि नोंदणी गेली तर फॉर्म बी, म्हणजे प्रयोगाच्या परवानगीचा अर्ज, भरून पुढे पाठवायचा कुणाला?

आपल्या संस्थांतल्या आचारसमितीत, म्हणजे आयएईसीत, साधारण आठ जण असतात. एक जीवशास्त्रज्ञ, वेगळ्या विषयांचे दोन शास्त्रज्ञ, प्राण्यांचा डॉक्टर, प्राणिगृहाचा प्रमुख, एक बाहेरच्या संस्थेचा शास्त्रज्ञ, एक विज्ञानाबाहेरचा सामाजिक जाण असलेला सदस्य, आणि केंद्राच्या समितीचा मुख्य प्रतिनिधी. बाहेरचे लोक संस्था निवडत नाही, केंद्राची समिती नेमते. अमेरिकी खुर्चीचा जो दोष मी वर सांगितला, तो इथे कागदावर तरी नाही. मोठ्या प्राण्यांचे प्रस्ताव तर थेट दिल्लीला जातात. आणि प्रयोग संपल्यावर प्राण्यांचं पुनर्वसन ही वापरणाऱ्याची जबाबदारी आहे, त्याचा खर्च प्रकल्पातच धरायचा. रसेल आणि बर्च या इंग्रज शास्त्रज्ञांनी १९५९ मध्ये मांडलेल्या तीन 'आर'ना (रिप्लेसमेंट म्हणजे पर्याय शोधणं, रिडक्शन म्हणजे प्राण्यांची संख्या कमी करणं, रिफाइनमेंट म्हणजे त्यांचा त्रास कमी करणं) आपण जोडलेला हा चौथा, रिहॅबिलिटेशन. सिल्व्हर स्प्रिंगची माकडं दहा वर्षं ज्या प्रश्नावर लोंबकळत राहिली, त्याला निदान आपल्या नियमांत एक ओळ आहे.

माकडांचं शेवटचं प्रकरण सांगायचं राहिलं. १९९० आणि १९९१ मध्ये तुलेनला उरलेल्यांपैकी काही फार आजारी झाली. त्यांना दयामरण द्यायचं ठरलं. त्याआधी पूर्ण भूल देऊन मेंदूची नोंद घेतली गेली. बारा वर्षांहून अधिक काळ बधिर असलेल्या हाताची मेंदूतली जागा ओस पडलेली नव्हती. चेहऱ्याच्या संवेदनांनी ती व्यापली होती, दहा ते चौदा मिलिमीटरपर्यंत. तोवर असा बदल एक-दोन मिलिमीटरपुरताच होऊ शकतो असा समज होता. प्रौढ मेंदू स्वतःची इतकी फेररचना करू शकतो, याचा तो ठळक पुरावा ठरला. टॉब पुढे बर्मिंगहॅमला अलाबामा विद्यापीठात गेले आणि अर्धांगवायूच्या रुग्णांसाठी त्यांनी उपचार उभा केला: चांगला हात हातमोज्यात अडकवून ठेवायचा, जागेपणीचा बहुतेक वेळ, दोन आठवडे, आणि लुळ्या हाताकडून काम करून घ्यायचं. २००६ मध्ये २२२ रुग्णांवरच्या चाचणीत त्याचा फायदा दिसला. आज आपल्याकडचे फिजिओथेरपिस्टही ही पद्धत वापरतात. तुमच्या ओळखीच्या एखाद्या काकांचा हात कदाचित त्यामुळेच पुन्हा घास उचलत असेल.

हे ऐकलं की वर्गाचे दोन तट पडतात. मी कुणाच्याच बाजूने निकाल देत नाही, कारण मला तो या प्रकरणाचा प्रश्नच वाटत नाही. पट्टी वेळेवर बदलली असती, पिंजरा रोज धुतला असता, आठवड्यातून एकदा डॉक्टर आला असता, तरी टॉबना जे शोधायचं होतं ते सापडलंच असतं. नीरोचा हात सडल्याने विज्ञानाचं काही भलं झालं नाही.

मी एका आयएईसीत काही वर्षं बसलो आहे. आमच्या सामाजिक सदस्य एक निवृत्त मुख्याध्यापिका होत्या. औषधांच्या मात्रा, नमुन्याची संख्या यांवर त्या कधी बोलत नसत आणि आम्ही शास्त्रवाले मनातल्या मनात त्यांना शोभेच्या समजत असू. दिवाळीनंतरच्या एका बैठकीत प्रस्ताव पटापट पास होत असताना त्यांनी विचारलं, "अहो, सुट्टीत या उंदरांचं पाणी कोण बदलत होतं?"

मार्गदर्शक तत्त्वांत आहे ते. शनिवार, रविवार, सणवार, काहीही असो, प्राण्यांकडे रोज बघायचं. सगळ्यांना पाठ होतं. कुणीतरी म्हणालं, "बाई, रजिस्टर असतं ना."

"मग मागवा."

रजिस्टर आलं. लक्ष्मीपूजनापासून भाऊबीजेपर्यंतच्या सगळ्या रकान्यांत सह्या होत्या. एकाच माणसाच्या, एकाच पेनाने, एका बैठकीत केल्यासारख्या. तापमानाच्या रकान्यात रोज तोच आकडा. बाईंनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, आणि पान उलटून दसऱ्याच्या तारखा शोधायला लागल्या.